भर उन्हात, कोरड्या वाफ्यात हायड्रेंजिया : कोणता लावायचा, कसा, किती पाणी?
(बागकामाच्या मंचावरची चर्चा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

रानजाई
जागा : मध्य न्यू जर्सी, झोन ७ (अमेरिकेत हिवाळ्यातल्या किमान तापमानावरून पाडलेले पट्टे, त्यातला). घराच्या पश्चिम भिंतीलगत १८ फूट लांब, ४ फूट रुंद वाफा. एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला डांबरी ड्राइव्ह-वे. जूनमध्ये साडेबारापासून सातपर्यंत थेट ऊन. माती रेताड, पाणी ओतलं की गायब. वाफ्यावर सध्या पांढरे गोटे पसरलेले आहेत आणि खाली काळं कापड. हायड्रेंजियाची, म्हणजे गुच्छांनी फुलणाऱ्या त्या झुडपाची, मॅक्रोफायला जातीची (गोल निळ्या-गुलाबी गुच्छांची) दोन झाडं आहेत, रोज दुपारी मान टाकतात, पानांच्या कडा तपकिरी. फुलं नाहीत.
प्रश्न असे : या जागी हायड्रेंजिया होईल का? कोणता? पाणी नेमकं किती आणि कसं?

वाफसा
होईल, पण मॅक्रोफायला नाही. दुपारचं पश्चिमेचं ऊन, भिंतीची धग आणि रेताड माती या तिन्हींशी एकाच वेळी झगडणारं ते झाड नव्हे. मोठी, पातळ, मऊ पानं म्हणजे पाणी उडून जायला भरपूर जागा. दुपारी मुळं जितकं पाणी ओढतात त्यापेक्षा जास्त पानांतून निघून जातं, म्हणून मान टाकतात. माती ओली असली तरी टाकतात.

या जागेसाठी पॅनिक्युलाटा घ्या. शंकूसारखे लांबट तुरे येतात ते. उन्हाला सगळ्यांत चिवट हाच, झोन ३ पासून ८ पर्यंत चालतो आणि सगळ्यांत मोठा फायदा म्हणजे फुलं त्या वर्षीच्या नव्या फुटव्यावर येतात. हिवाळ्यात फांद्या मेल्या, हरणांनी शेंडे खाल्ले, छाटणी चुकली, तरी त्या उन्हाळ्यात फूल मिळतं. मॅक्रोफायलाच्या जुन्या जातींत पुढच्या वर्षीची कळी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच शेंड्यात धरलेली असते. ती थंडीत किंवा कात्रीखाली गेली की वर्षभर नुसती पानं. तुमच्याकडे फुलं नसण्याचं कारण बहुधा हेच, आणि त्यात उन्हाचा ताण.

मात्र एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. पॅनिक्युलाटा ऊन सोसतो, तहान सोसत नाही. लेबलवर ‘ड्रॉट टॉलरंट’ लिहिलेलं असलं तरी ते मूळ धरल्यानंतरचं आहे, म्हणजे दोन पूर्ण उन्हाळ्यांनंतरचं. पहिली दोन वर्षं पाण्याची हमी देता येत नसेल तर त्या जागी दुसरं काहीतरी लावलेलं बरं.

सोनटक्का
नावावरून होणारा एक गैरसमज : ‘हायड्रेंजिया’चा अर्थ ‘पाणी पिणारं झाड’ असा नाही. ग्रीकमधल्या ‘पाणी’ आणि ‘भांडं’ या शब्दांवरून ते नाव आलंय आणि त्याचा संबंध बीच्या बोंडाच्या आकाराशी आहे. सुकलेल्या गुच्छात भिंगातून पाहिलं तर इवलाले घट दिसतात.

कुठली जात मूळची कुठली, यावरून तिचा स्वभाव कळतो. मॅक्रोफायला जपानच्या दमट किनारपट्टीचा. आर्बोरेसेन्स, ज्यातली ‘अ‍ॅनाबेल’ सर्वांना माहीत आहे, पूर्व अमेरिकेच्या जंगलातला, झाडांच्या सावलीतला. क्वेर्सिफोलिया (ओकसारख्या पानांचा) आग्नेय अमेरिकेचा. १९९९ पासून तो अलाबामाचं राज्य-रानफूल आहे. पॅनिक्युलाटा जपान, चीन, रशियाचं सखालिन बेट इकडचा, मोकळ्या उतारांवर आणि जंगलाच्या कडेला वाढणारा. म्हणून उघड्या उन्हात पहिला मान पॅनिक्युलाटाचा, दुसरा क्वेर्सिफोलियाचा. अ‍ॅनाबेल उन्हात फुलते, पण कोरड्यात पानं लवकर करपतात.

वाफसा
बरोबर. क्वेर्सिफोलियाची एक अट जोडतो : त्याला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. रेताड मातीत तो छान राहतो, चिकणमातीत फायटॉप्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूने मुळं कुजतात. लक्षण फसवं असतं. पानं सुकल्यासारखी लोंबतात म्हणून माणूस आणखी पाणी घालतो आणि झाड जातं. पानं लोंबलेली आणि माती ओली, तर पाणी बंद. एक मूळ उकरून चिमटीत ओढा. वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोरा राहिला, तर मुळं कुजलेली आहेत.

रानजाई
मग पॅनिक्युलाटातला लाइमलाइट लावू का? इथे सगळीकडे तोच दिसतो.

कोरांटी
लाइमलाइट उत्तमच, वर्षानुवर्षं टिकतो. तीन लावा, सहा-सहा फुटांवर, १८ फूट बरोबर भरतील.

वाफसा
कोरांटी, लांबी भरेल, पण रुंदीचं काय? लाइमलाइट सहा ते आठ फूट उंच आणि तितकाच रुंद होतो, वाफा चार फुटांचा आहे. अर्धं झाड ड्राइव्ह-वेवर येईल, मग दरवर्षी गाडीसाठी एक बाजू कापायची. एका बाजूने कापलेला हायड्रेंजिया पावसात उघड्या बाजूला आडवा होतो.

इथे ‘बोबो’ बसेल, पॅनिक्युलाटाचीच ठेंगणी जात. उंची अडीच ते तीन फूट, पसारा तीन ते चार. साडेतीन फुटांवर एक अशी पाच झाडं. ‘लिट्ल लाइम’ तीन ते पाच फुटांचा आहे, वाफा पाच फुटांचा असता तर तोच सुचवला असता. फुलं लवकर हवी असतील तर मधे एक ‘लिट्ल क्विक फायर’ घाला, त्या गटात तो साधारण महिनाभर आधी फुलतो.

आणि झाडाचं खोड भिंतीपासून अडीच फुटांवर ठेवा, वाफ्याच्या मध्यावर नको. छपराची कड भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे असते आणि तिच्याखाली पाऊस पडतच नाही. अनेक ‘कोरड्या’ वाफ्यांचं खरं कारण हेच असतं. चांगला दोन तास पाऊस झाला की भिंतीपासून अर्ध्या-अर्ध्या फुटावर खुरप्याने उकरून पाहा. कुठून ओल सुरू होते ती रेघ दिसेल. झाड त्या रेघेच्या बाहेर.

कोरांटी
रुंदी वाचायची राहिली माझी. बोबोच योग्य.

सोनटक्का
आणखी एक तपासा : समोर किंवा शेजारी नव्या काचांच्या खिडक्या आहेत का? हल्लीच्या लो-ई (उष्णता परतवणारा लेप असलेल्या) काचांवरून परतलेलं ऊन एका पट्ट्यात एकवटतं. घराच्या बाहेरच्या भिंतीवरचं व्हिनाइलचं (प्लॅस्टिकचं) साइडिंगसुद्धा त्याने वितळतं. झाडाच्या एकाच बाजूला, तिरप्या रेषेत पानं भाजली असतील तर पाण्यात दोष शोधू नका. दुपारी दर तासाने वाफ्याकडे पाहा, जमिनीवर सरकणारा उजेडाचा पट्टा सापडतो. खिडकीला बाहेरून जाळी लावली की पट्टा जातो.

करपण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. कडा आणि टोकं तपकिरी, मधला भाग हिरवा : पाणी कमी पोचतंय किंवा खताचे क्षार जास्त झालेत. पानाच्या वरच्या, उघड्या भागावर पांढुरके-पिवळट डाग आणि त्याच पानाचा दुसऱ्या पानाखाली झाकलेला भाग शाबूत : ते थेट उन्हाने भाजणं. नर्सरीत जाळीखाली वाढलेलं झाड एकदम उन्हात ठेवलं की हे होतं. ती पानं सुधारत नाहीत, पण पुढची पानं त्या उन्हासाठी तयार होऊन येतात, जाडसर आणि किंचित लहान. म्हणून भाजलेली पानं लगेच तोडू नका, ती खालच्यांना सावली देतात.

रानजाई
खिडकी नाहीये. गोटे ठेवू का काढू? आणि मातीचं काय करू? खड्ड्यात पीट (दलदलीतलं वाळवलेलं शेवाळ) आणि कंपोस्ट भरून लावू का?

वाफसा
गोटे काढा, कापडही काढा. पांढरे गोटे ऊन पानांच्या खालून परत फेकतात आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतात. कापडाच्या छिद्रांत बारीक माती बसते, मग पाणी वरून वाहून जातं, खाली उतरत नाही. शिवाय खालच्या मातीत पालापाचोळा मिसळत नाही, त्यामुळे रेती रेतीच राहते.

फक्त खड्ड्यात भारी माती भरू नका. मुळं त्या मऊ जागेतच गोल फिरत राहतात आणि बाहेरच्या रेतीत जात नाहीत. सुधारायचा तर अख्खा वाफा सुधारा :

वाफ्याचं क्षेत्र ७२ चौरस फूट. त्यावर दोन इंच कंपोस्ट म्हणजे १२ घनफूट, म्हणजे एक घनफुटाच्या १२ पिशव्या. कुदळीने वरच्या ८ ते १० इंचांत सारखं मिसळायचं. रेताड मातीत पाणी धरून ठेवणारी वस्तू तीच. पीट नको, एकदा पूर्ण सुकलं की ते पाणी आत घेत नाही, थेंब वरून घरंगळतात.

मिसळण्याआधी माती तपासून घ्या. न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाची माती परीक्षण प्रयोगशाळा आहे. सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल आहे याचं माप) ५.५ ते ७ मध्ये असला की पॅनिक्युलाटाला पुरे. भिंतीच्या पायाजवळ काँक्रीटमधला चुना झिरपून सामू चढलेला असू शकतो, म्हणून नमुना भिंतीजवळचा वेगळा आणि ड्राइव्ह-वेजवळचा वेगळा घ्या.

खड्डा कुंडीच्या दोन-तीन पट रुंद आणि मुळांच्या गोळ्याइतकाच खोल. खोल केलात तर झाड नंतर खचतं आणि खोडाभोवती पाणी साचतं. गोळ्याचा वरचा काठ जमिनीला समतल, रेताड मातीत फार तर अर्धा इंच वर.

लावायची वेळ : मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर. जमीन उबदार, हवा गार, पानांची मागणी कमी, त्यामुळे सगळी ताकद मुळांत जाते. जूनमध्ये फुललेलं झाड आणून पश्चिमेच्या भिंतीलगत लावणं म्हणजे त्याची सर्वांत कठीण परीक्षा पहिल्याच दिवशी घेणं.

ठिबकवाला
पाण्याबद्दल मी लिहितो.

हिशेब सोपा आहे. एक चौरस फुटावर एक इंच पाणी म्हणजे ०.६२ गॅलन. एका बोबोची मुळं साधारण ३ × ३ फुटांत धरली तर ९ चौरस फूट, म्हणजे आठवड्याला साडेपाच गॅलन (सुमारे २१ लिटर). हे मूळ धरलेल्या झाडाचं, पाऊस नसतानाचं.

नव्या झाडाचा हिशेब वेगळा. त्याची मुळं अजून कुंडीच्या आकारातच आहेत, म्हणून एका वेळी कुंडीच्या आकारमानाच्या पाव ते तिसरा हिस्सा पाणी पुरतं. तीन गॅलनच्या कुंडीतलं झाड असेल तर एका वेळी एक गॅलनपर्यंत, पण वरचेवर. आठवड्यातून एकदा सहा गॅलन ओतले तर पाच गॅलन रेतीतून खाली जातील आणि चौथ्या दिवशी गोळा ठणठणीत कोरडा.

बहुतेक नवी झाडं मरतात ती इथेच. नर्सरीचा गोळा सालीचा आणि पीटचा, हलका, तुमची माती वेगळी. आजूबाजूची माती ओली दिसते आणि गोळा आतून सुकलेला असतो. बोट घालायचं ते खोडाजवळ, गोळ्यात, शेजारच्या मातीत नव्हे.

साहित्य, नळापासून क्रमाने : टायमर, उलट प्रवाह रोखणारा बॅकफ्लो व्हॉल्व्ह, १५० मेशचा फिल्टर, २५ पीएसआयचा (पाण्याचा दाब तेवढ्यावर उतरवणारा) प्रेशर रेग्युलेटर, मग अर्धा इंची पाइपचा जोड. साधा व्हॅक्यूम ब्रेकर (बॅकफ्लो व्हॉल्व्हचाच एक प्रकार) टायमरच्या आधी लावू नका, त्याच्यावर सतत दाब राहून तो बिघडतो. रेग्युलेटर विसरलात तर नळाच्या दाबाने जोड निसटतात, तेही घरात कुणी नसताना.

प्रत्येक झाडाला ताशी एक गॅलनचे तीन ड्रिपर, प्रेशर कॉम्पेन्सेटिंग प्रकारचे (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे). एक थेट गोळ्यावर, खोडापासून तीन इंचांवर. दोन बाहेर, खोडापासून नऊ-दहा इंचांवर, समोरासमोर. म्हणजे झाडाला ताशी तीन गॅलन, पाच झाडांना पंधरा.

पहिले दोन आठवडे : रोज २० मिनिटं, सकाळी.
तिसरा ते बारावा आठवडा : दोन-तीन दिवसांआड ३० मिनिटं.
पुढे, कोरड्या हवेत : आठवड्यातून दोनदा ५५ मिनिटं.

शरद ऋतूत लावलंत तर जमीन गोठेपर्यंत पाणी चालू ठेवायचं, पानं गळली म्हणून थांबायचं नाही. मुळं तेव्हाही काम करत असतात. दुसऱ्या वसंतात बाहेरचे दोन ड्रिपर १५ इंचांपर्यंत सरकवा, नाहीतर मुळं पाण्याजवळच घुटमळतात. हिवाळ्याआधी टायमर, फिल्टर आणि रेग्युलेटर काढून घरात ठेवा. आत राहिलेलं पाणी गोठलं की प्लॅस्टिक फुटतं.

पहिल्यांदा चालवल्यावर एक तासाने खुरप्याने सहा-आठ इंच खोल चीर पाडून पाहा. रेताड मातीत ओल उभी, गाजरासारखी उतरते, पसरत नाही. दोन ड्रिपरच्या मधे कोरडा पट्टा दिसला तर वेळ वाढवू नका, चौथा ड्रिपर घाला.

रानजाई
हे फारच कामाचं. पण दुपारी मान टाकली की पाणी घालायचं की नाही? पाहवत नाही.

ठिबकवाला
दुपारी ठरवू नका. सकाळी सातला पाहा. रात्रीत पानं ताठ झाली असतील तर ती दुपारची मरगळ फक्त उन्हाची होती, पाणी पुरेसं आहे. सकाळीही लोंबलेली असतील तर बोट दोन-तीन इंच गोळ्यात घाला. कोरडं लागलं तर लगेच पाणी, ओलं लागलं तर वाफसा यांनी सांगितलेली मुळांची तपासणी. हातात थोडी माती घेऊन मूठ आवळा : लाडू वळला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर मातीत वाफसा (हवी तेवढीच ओल) आहे, आज पाणी नको.

वरून पाइपने पानं भिजवणं टाळा. मॅक्रोफायलावर सर्कोस्पोरा बुरशीचे जांभळट कडांचे ठिपके याच सवयीने वाढतात.

वाफसा
पहिल्या उन्हाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये ३०-४० टक्क्यांची शेडनेट पश्चिमेच्या बाजूला उभी लावा. चार फुटी खुंट्या, जाळी ड्राइव्ह-वेच्या बाजूने, वर मोकळं. एका वर्षाचं काम आहे, दुसऱ्या वर्षी काढून टाकायची.

आच्छादन राहिलं : सालीचा भुगा किंवा कुजलेला पाला, तीन इंच. ७२ चौरस फुटांना १८ घनफूट, म्हणजे दोन घनफुटांच्या नऊ पिशव्या. खोडापासून तीन-चार इंच मोकळं. ज्वालामुखीसारखा ढीग खोडाशी रचला तर साल सडते आणि हिवाळ्यात उंदीर आत घर करतात. ड्रिपर आच्छादनाच्या खाली, मातीवर.

डॅलसकर
उत्तर टेक्सासमधल्या लोकांसाठी लिहितो, कारण वरचं सगळं जसंच्या तसं इथे चालणार नाही. झोनचा नकाशा फक्त हिवाळ्याच्या किमान तापमानावर आहे, उन्हाळ्याबद्दल तो काहीच सांगत नाही. ‘फुल सन’ हे लेबल थंड प्रदेशांना धरून लिहिलेलं असतं. इथे शंभर अंश फॅरनहाइटचे दिवस लागोपाठ येतात, रात्रीही हवा तापलेली असते, तेव्हा पॅनिक्युलाटाला सकाळचं ऊन अकरा-बारापर्यंत आणि मग सावली. पश्चिमेची भिंत इथे पॅनिक्युलाटालाही नाही.

दुसरी अडचण काळ्या चिकणमातीची. खाली चुनखडी, सामू साडेसातच्या वर. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे म्हणून नव्हे, चुन्यामुळे झाडाला घेता येत नाही म्हणून. नळाचं पाणीही कठीण, त्यामुळे गंधक घालून सामू उतरवला तरी पुन्हा चढतो. इथे ८ ते १२ इंच उंच वाफा बांधून क्वेर्सिफोलिया लावणं जास्त शहाणपणाचं. जमिनीत तीन इंच एक्स्पांडेड शेल (भाजून फुगवलेल्या शेल खडकाची खडी) वरच्या सहा-आठ इंचांत मिसळा, ते चिकणमाती कायमची मोकळी करतं. क्वेर्सिफोलियातल्या ‘मंचकिन’ आणि ‘रूबी स्लिपर्स’ लहान राहतात, ‘अ‍ॅलिस’ मोठी होते. छाटणी फूल ओसरल्यावर लगेच, कारण हा जुन्या फांदीवर फुलतो.

कोथरूडची गच्ची
पुण्यात पॅनिक्युलाटा नर्सरीत जवळपास दिसत नाही. जो मिळतो तो मॅक्रोफायलाच, फुललेल्या कुंडीत. गच्चीवर पूर्ण ऊन आहे. आणलेल्या झाडाची फुलं गेली की पुन्हा येत नाहीत, असं का होतं? आणि बोअरच्या पाण्याने निळे गुच्छ गुलाबी होतात.

सोनटक्का
दोन वेगळी कारणं.

फूल : मॅक्रोफायलाची कळी धरायला रात्री गार लागतात, १८ अंश सेल्सिअसच्या खाली, काही आठवडे. मग ती कळी उमलायला आणखी थंडीचा काळ लागतो. नर्सरीवाले हे शीतगृहात किंवा डोंगरात करून झाड विकायला आणतात. पुण्याची थंडी पहिलं काम कसंबसं करते, दुसरं अर्धवट. ‘एंडलेस समर’सारख्या, नव्या फुटव्यावरही फुलणाऱ्या जातीत शक्यता जास्त. जुन्या जातीत जुलैनंतर शेंडा अजिबात कापू नका आणि ऑक्टोबरपासून झाड रात्रीच्या मोकळ्या थंड हवेत ठेवा, भिंतीच्या उबेत नको. नत्र जास्त झालं तर पानंच येतात, म्हणून युरिया नको.

जागा : गच्चीवर पूर्ण ऊन अजिबात नाही. पूर्वेला, नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन, फेब्रुवारीअखेर ते पावसाळ्यापर्यंत ५० टक्के हिरवी जाळी. कुंडी फरशीवर टेकवू नका, विटांवर ठेवा. एप्रिलमध्ये फरशीची धग मुळांना खालून शिजवते. काळी प्लॅस्टिकची कुंडी दुसऱ्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधली फट कोकोपीटने भरली तर मुळं चांगली राहतात. कुंडी १४ ते १६ इंची. मिश्रण : एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, अर्धा भाग परलाइट. काळी माती नको, तिच्यात चुना असतो.

रंग : निळेपणा अ‍ॅल्युमिनियममुळे येतो. सामू ५.५ च्या खाली असला की मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळून झाडात जातं, ६.५ च्या वर ते अडकून पडतं आणि फूल गुलाबी. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट सामू चढवत राहतात, म्हणून एका हंगामात रंग पालटतो. पावसाचं पाणी साठवून वापरणं हा सर्वांत चांगला उपाय. त्याखेरीज तुरटी, तिच्यात अ‍ॅल्युमिनियम असतंच : लिटरला दोन-तीन ग्रॅम, ओल्या मातीवर, कळ्या धरताना महिन्यातून एकदा. कोरड्या मातीवर किंवा जास्त घातली तर मुळं भाजतात. स्फुरद जास्त असलेलं खत घालू नका, ते अ‍ॅल्युमिनियमला बांधून ठेवतं. एप्सम सॉल्टने रंग बदलत नाही, गंजक्या खिळ्यांनीही नाही. पांढऱ्या जाती निळ्या होत नाहीत.

महाबळेश्वर-पाचगणीकडे याची झाडं बहरतात ती थंड हवेमुळे, आणि तिथल्या जांभ्याच्या आम्ल मातीमुळे निळा रंग सहज येतो.

कोथरूडची गच्ची
अच्छा, म्हणजे माझी जागाच चुकतेय. पूर्वेच्या गॅलरीत हलवते. धन्यवाद!

रानजाई
बोबोचे तुरेही गुलाबी होतात ना? ते पण सामूमुळे?

सोनटक्का
नाही. पॅनिक्युलाटात मातीचा सामू काही करत नाही. फूल वयात येतं तसं पांढऱ्याचं गुलाबी होतं आणि रात्री गार असतील तर रंग चढतो. ऑगस्टच्या अखेरीला फार उष्णता आणि कोरडेपणा असला तर पांढऱ्याचं थेट तपकिरी होतं. तुमच्या भिंतीलगत हे होऊ शकतं. ऑगस्टमध्ये पाणी नियमित ठेवलं तर गुलाबी मिळेल.

कोरांटी
छाटणी आणि खत?

वाफसा
छाटणी फेब्रुवारीअखेर ते मार्च, डोळे फुगायच्या आधी. एकूण उंचीचा एक तृतीयांश काढा, प्रत्येक काप जाड डोळ्यांच्या जोडीच्या वर अर्धा इंच. पॅनिक्युलाटाच्या जोमदार फांदीवर पेऱ्याला तीन-तीन पानंही असतात, तेव्हा तिथे तीन डोळे दिसतील. घाबरू नका, ते आपलंच झाड आहे. आत घासणाऱ्या आणि पेन्सिलपेक्षा बारीक काड्या मुळापासून काढा. जमिनीसपाट छाटू नका. तसं केलं तर मोजक्या, लांबलचक, कोवळ्या फांद्या येतात, तुरे मोठे होतात आणि पावसात झाड उघडं पडून लोळतं. फांदी मेलेली वाटली तर नखाने साल खरवडा, खाली हिरवं असलं तर मे महिन्यापर्यंत थांबा.

लावलेल्या वर्षी खत नाही. दुसऱ्या वर्षापासून एकदाच, एप्रिलमध्ये, हळू सुटणारं १०-१०-१० (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं), पिशवीवरल्या प्रमाणाच्या अर्धं. कोरड्या जागी खताचे क्षार मुळांशी साठतात आणि कडा करपतात, म्हणून खत देण्याआधी आणि नंतर पाणी. ऑगस्टनंतर काही नाही.

हरणं पॅनिक्युलाटाचे कोवळे शेंडे आवडीने खातात. न्यू जर्सीत पहिली दोन वर्षं हिवाळ्यात जाळीचं कडं करा. घरात कुत्रा-मांजर असेल तर पानं चघळू देऊ नका, सगळेच हायड्रेंजिया त्यांना विषारी आहेत.

रानजाई
जुन्या दोन मॅक्रोफायलांचं काय करू?

वाफसा
पानं गळल्यावर, नोव्हेंबरात, पूर्वेच्या बाजूला हलवा. मुळं उथळ आणि दाट असतात, म्हणून १८ इंच व्यासाचं वर्तुळ कापून एक फूट खोलीचा गोळा चादरीवर ओढत न्या. फांद्या छाटू नका, पुढच्या वर्षीच्या कळ्या तिथेच आहेत.

रानजाई
शेवटचं : सप्टेंबरात नर्सरीत बोबो अर्ध्या किमतीला लागतात, पण पानं करपलेली आणि कुंडीखालून मुळं बाहेर आलेली असतात. घेऊ की नको?

वाफसा
पानांवर जाऊ नका, ती महिन्याभरात गळणारच आहेत. नखाने साल खरवडून हिरवी आहे ना पाहा, मग झाड कुंडीतून काढा. नर्सरीवाले काढू देतात. मुळं पांढरी-बदामी, टणक असतील तर घ्या. काळी, मऊ, कुजकट वासाची असतील तर फुकट मिळालं तरी नको. खालून मुळं बाहेर येणं हे कारण नाही, त्यावर इलाज आहे.

घरी आणल्यावर गोळा बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. सुकलेल्या गोळ्याला पाऊण तास लागतो, कधी जास्त. मग धारदार चाकूने चारही बाजूंना वरून खाली एक इंच खोल चिरा द्या आणि तळाची गुंडाळलेली जाळी, साधारण एक इंच, करवतीने सपाट काढून टाका. हात घट्ट ठेवा. ही गुंडाळी तशीच ठेवली तर दोन वर्षांनीही झाड खड्ड्यातून उचलून काढता येतं, कुंडीच्या आकारासकट, आणि तेवढा काळ ते तुमच्या रेतीत एक मूळही टाकत नाही.

ठिबकवाला
आणि चिरा दिलेल्या झाडाला पहिले दोन आठवडे गोळ्यावरचा ड्रिपर खोडापासून तीनऐवजी दोन इंचांवर. कापलेली मुळं तिथे पाणी शोधत असतात.